वेदनेचे किती ऐकावे?

उपवासकाळातील पहिल्या शुक्रवारची ती संध्याकाळ होती. क्रूसाच्या वाटेची भक्ती आटोपून लोक पांगले होते. मी सॅक्रिस्टीत स्टोल उतरवून ठेवीत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक तरुण दाराशी येऊन उभा राहिला. पोलीस भरतीसाठी तो रोज पहाटे समुद्रकिनाऱ्यावर धावण्याचा सराव करीत असे, हे मला ठाऊक होते. वयोमर्यादेचे त्याचे ते शेवटचे वर्ष. शिपाईपदाच्या मैदानी चाचणीत ५० गुणांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटर धावण्याला असतात. तेथे चार-दोन सेकंद कमी-जास्त झाले की माणूस यादीतून खाली घसरतो. तो म्हणाला, "फादर, नडगीत थोडे दुखते. धावत राहू, की थांबू?"

नुकतीच चौदा स्थाने म्हणून झालेली. जिभेवर अजून क्रूसच होता. शिवाय सॅक्रिस्टन किल्ल्या घेऊन ताटकळत होता. मी त्या तरुणाला संत पौलाचा दाखला दिला. शर्यतीत धावतात सारेच, परंतु बक्षीस मिळविण्यासाठी धावावे लागते. करिंथकरांना लिहिताना पौलाने आपल्या देहाला कसे ताब्यात ठेवले ते सांगितले आहे, इत्यादी. आणि शेवटी, "एवढेसे दुखणे प्रभूच्या चरणी अर्पण कर आणि धाव," असे म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो समाधानाने गेला. मीही समाधानाने भोजनास गेलो.

झावळ्यांच्या रविवारच्या आधी दोन दिवस त्याला सकाळी पाय जमिनीवर टेकवेना. नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टर ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात, ते हेच. आठ आठवडे धावणे बंद. मैदानी चाचणी त्या आठ आठवड्यांतच येऊन गेली.

वाचकहो, त्या मुलाने मला कधीही दोष दिला नाही. दोष दिला असता तर कदाचित हा लेख लिहावा लागला नसता.

त्याच्या प्रश्नातील "थोडे" या शब्दापाशी मी पुन्हा पुन्हा येतो. मोठ्या वेदनेपुढे निर्णय उरत नाही. ती माणसाला खाली बसवतेच. नगण्य वेदनेचाही प्रश्न नसतो. चार पावलांत ती विसरली जाते. धर्मसंकट उभे राहते ते या मधल्या, थोड्याशा दुखण्यापाशी. येथे पुढे जाणे हे धैर्य असू शकते आणि मूर्खपणाही. थांबणे हा शहाणपणा असू शकतो आणि आळसही. आणि बाहेरून पाहणाऱ्याला या चारही गोष्टी बहुधा सारख्याच दिसतात.

मी त्याला एक गोष्ट विचारायला हवी होती, किंबहुना चार: नेमके कोठे दुखते? धावू लागल्यावर दुखणे ओसरते की वाढते? रात्री अंथरुणावर दुखते का? आणि दुखते म्हणून तू पाऊल वाकडे टाकू लागला आहेस का? हे प्रश्न मी नंतर एका अस्थिरोगतज्ज्ञाकडून शिकलो. स्नायूंचे अवघडलेपण अंग तापले की बहुधा सैल होते. हाडाचे दुखणे त्याच्या उलट वागते. ते बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणी असते, धावण्याबरोबर वाढते आणि पुढे पुढे विश्रांतीतही राहते. हाड हे दगडासारखे निर्जीव नाही. त्याच्यावर भार पडला की शरीर आधी जुना भाग काढून टाकते आणि मग सावकाश नवा भरते. या दोहोंच्या मधल्या काळात हाड नेहमीपेक्षा दुबळे असते, आणि नेमके तेव्हाच आपण भार वाढवीत राहिलो तर तडा जातो. म्हणजे ज्या आठवड्यांत शरीर आपली दुरुस्ती करीत असते, त्याच आठवड्यांत ते आपल्याकडे थोडी उसंत मागत असते. त्या मागणीलाच आपण दुखणे म्हणतो.

प्रत्येक दुखण्याला थांबावे, असेही शास्त्र सांगत नाही. टाचेच्या वर जी दोरीसारखी जाड शीर असते, ती दुखावलेल्या रुग्णांवर स्वीडनमधील संशोधकांनी एक प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाला. वेदनेला शून्य ते दहा अशी मोजपट्टी लावायची. पाचपर्यंतचे दुखणे चालेल, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरले पाहिजे आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. या मर्यादेत धावत राहिलेल्यांचे नुकसान झाले नाही. सुरुवातीला धावणे बंद ठेवून केवळ व्यायाम करणाऱ्यांइतकेच तेही सुधारले. हा नियम त्या शिरेपुरता आहे, हाडाला तो लावू नये. परंतु त्यातील एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. धावताना होणाऱ्या वेदनेचा निवाडा धावतानाच करायचा नाही. दुसऱ्या दिवशीच्या सकाळची साक्ष काढायची. आपल्या कितीतरी त्यागांना ही साक्ष सोसवणार नाही!

आता ज्या संत पौलाला मी त्या मुलापुढे उभे केले, त्याच्याकडे वळतो. मी पौलाचा अर्धाच भाग सांगितला होता. पाच वेळा एकोणचाळीस फटके खाल्लेला हा माणूस. पण यरुशलेममध्ये रोमन सैनिक त्याला चाबकासाठी बांधू लागले, तेव्हा त्याने शांतपणे शताधिपतीला विचारले, की चौकशीविना रोमन नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय? फटके टळले. फिलिप्पैमध्ये मात्र तोच पौल आधी मार खाऊन, रात्र बेडीत काढून, सकाळी आपले नागरिकत्व सांगतो. म्हणजे वेदना दिसली की तिला मिठी मारायची, असा त्याचा नियम नव्हता. त्याच्या देहातील तो प्रसिद्ध काटा दूर व्हावा म्हणून त्याने एकदा नव्हे, तीनदा प्रभूची विनवणी केली. उत्तर मिळाल्यानंतरच तो काटा त्याने स्वीकारला. आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात वारंवार होणाऱ्या आजारांसाठी व पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असा घरगुती सल्लाही आहे. हे सारे मला ठाऊक होते. त्या शुक्रवारी आठवले नाही, इतकेच.

स्वतः प्रभू येशूचे पाहा. नाझरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून लोटण्यासाठी नेले, तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. मंदिरात लोकांनी दगड उचलले, तेव्हा तो दृष्टीआड झाला. त्याची घटका आली नव्हती. ती आली तेव्हादेखील गेथशेमानेच्या बागेत त्याने प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली. ज्याने क्रूस स्वीकारला त्याने त्याआधी कितीतरी दगड चुकविले, हे आपल्या प्रवचनांत क्वचितच येते.

दुःख अर्पण करण्याची आपली परंपरा खोटी आहे, असे मला म्हणायचे नाही. ती नसती तर कर्करोगाच्या कितीएक रुग्णांच्या उशाशी मी मुका बसलो असतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर जे प्रेषितीय पत्र लिहिले, ते मी अनेकदा वाचले आहे. पण त्याच्याही आधी, २४ फेब्रुवारी १९५७ रोजी, पोप पायस बारावे यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना स्पष्ट केले होते, की वेदना केवळ वेदना म्हणून हवीशी मानण्याचे बंधन ख्रिस्ती माणसावर नाही आणि ती शमविण्याचे उपाय घेण्यास त्याला मोकळीक आहे. जी वेदना टळत नाही, किंवा प्रेमापोटी जी टाळायची नाही, ती आपण अर्पण करतो. जी वेदना काही सांगू पाहते, तिचे ऐकण्यापूर्वीच ती अर्पण करणे म्हणजे न फोडलेले पत्र वेदीवर ठेवण्यासारखे आहे. त्यात आणखी एक बारकावा आहे. अर्पण करायचे ते स्वतःचे. मी त्या संध्याकाळी दुसऱ्याच्या नडगीचे अर्पण करून मोकळा झालो होतो. माझा स्वतःचा गुडघा दुखू लागला तेव्हा मी दोन दिवसांत डॉक्टरांकडे गेलो होतो, हेही येथे नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल.

या संदर्भात संत इग्नेशियस लोयोलांचे चरित्र मला अलीकडे वेगळ्या नजरेने वाचावेसे वाटले. २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. तो नीट बसला नाही म्हणून पुन्हा मोडून बसवावा लागला. तरीही गुडघ्याखाली हाडाचा एक उंचवटा राहिला. त्या काळच्या सरदारांच्या घट्ट, तलम बुटांत तो विद्रूप दिसला असता. म्हणून त्यांनी तो उंचवटा कापून काढायला लावला. भूल नव्हती. त्यांनी मुठी आवळल्या, इतकेच. मग पाय लांबावा म्हणून दिवसचे दिवस वजने लावून ताणून घेतला. केवढे हे धैर्य! आणि कशासाठी? बुटांसाठी! पुढे त्यांनीच हे सर्व व्यर्थ अभिमानापोटी केल्याची कबुली दिली.

मन पालटल्यावर हाच माणूस मान्रेसा येथे तितक्याच निर्धाराने उपवास करू लागला. अतिसंशयाने छळलेल्या मनाला शांती मिळावी म्हणून त्याने एक संपूर्ण आठवडा अन्नपाणी वर्ज्य केले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हा कोठे तो थांबला. हेतू आता बुटांचा नव्हता, देवाचा होता. पण सोसण्याची ती जुनी ऐट पूर्णपणे गेली होती का? त्या काळातील तपश्चर्येने पोटाचे दुखणे त्यांना जन्माचे जडले. आणि १५४८ साली, गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा कठोर व्रतांनी देह झिजवीत आहेत असे कळल्यावर, याच इग्नेशियसनी त्यांना पत्र लिहून प्रार्थनेचे तास व उपवास कमी करायला सांगितले, पोट सांभाळायला सांगितले. कारण आत्म्याइतकाच देहही देवाचा आहे आणि त्याचाही हिशेब द्यायचा आहे. तीन प्रसंग, एकच सोशिक माणूस. सोशिकपणा तिन्ही ठिकाणी आहे. बदलली ती त्याच्या मागची दृष्टी.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनस यांच्या आधारे चार मुख्य सद्गुण शिकलो. धैर्याचे मुख्य कार्य चाल करून जाणे नसून टिकून राहणे, सोसणे होय, असे ते म्हणतात. परंतु सर्व नैतिक सद्गुणांना माप देण्याचे काम ते सुज्ञतेकडे सोपवितात. सुज्ञतेवाचून सोसणे हा सद्गुण नव्हे. परीक्षेत या विषयात मला उत्तम गुण मिळाले होते!

मग वेदनेवर आपली काहीच सत्ता नसावी का? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ सालापासून काम केलेले डॉ. पॉल ब्रँड यांचा एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात, असा सार्वत्रिक समज होता. डॉ. ब्रँड यांनी दाखवून दिले की रोग फक्त संवेदना नेतो. मग माणूस तापलेले भांडे उचलतो, जखम झालेल्या पायाने मैलोन्‌मैल चालतो, झोपेत उंदीर बोटे कुरतडतात तरी त्याला जाग येत नाही. न दुखणे हेच त्याचे दुर्दैव. पुढे अमेरिकेतील कारव्हिल येथे डॉ. ब्रँड यांनी अशा रुग्णांसाठी कृत्रिम वेदना निर्माण करण्याचा प्रयत्न केला. हातमोज्यांत व पायमोज्यांत यंत्रे बसविली. दाब धोक्याचा झाला की कानात आवाज व्हायचा. रुग्णांनी आवाजाकडे दुर्लक्ष केले. मग विजेचा धक्का बसेल अशी योजना केली. काय झाले असेल? हातातले काम पुरे करायचे असले की रुग्ण यंत्र बंद करून टाकीत, काम उरकीत आणि पुन्हा सुरू करीत! बंद करता येणारी वेदना कुचकामी ठरली. डॉ. ब्रँड यांनी तो प्रयोग सोडून दिला.

हे वाचताना मी दचकलो. माझा दाखला हा त्या मुलाच्या हाती दिलेला असाच एक खटका होता. त्याने तो दाबला आणि काम चालू ठेवले.

आणि तरीही सुरक्षिततेच्या नावाखाली प्रत्येकाला शर्यतीतून बाहेर ओढावे, असे मला वाटत नाही. ५ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजलिस येथे ऑलिंपिकमधील स्त्रियांची पहिली मॅरेथॉन झाली. स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस ही ३९ वर्षांची धावपटू मैदानात शिरली, ती जवळजवळ कोलमडतच. डावा हात लुळा, पाऊल फरफटत. डॉक्टर धावले. कोणी स्पर्श केला तर ती बाद ठरणार होती, म्हणून ती त्यांना चुकवीत राहिली. डॉक्टरांनी काय केले? ते तिच्याबरोबर चालत राहिले आणि पाहत राहिले. तिला अजून घाम येत होता. उष्माघाताने शरीराची व्यवस्था पुरती ढासळलेली नाही, याची ती खूण होती. म्हणून त्यांनी तिला जाऊ दिले. शेवटच्या एका फेरीस तिला पावणेसहा मिनिटांच्या आसपास लागली. ती सदतिसावी आली, आणि लवकरच सावरली. पुढे नियम बदलला. डॉक्टरांनी तपासले म्हणून धावपटू बाद ठरू नये, असे ठरले. माझ्या नजरेपुढे राहतात ते तिच्या शेजारून चालणारे ते डॉक्टर. त्यांनी तिला थांबवलेही नाही आणि नुसते उत्तेजनही दिले नाही. घाम पाहिला. सॅक्रिस्टीच्या दारात मी पाहिला नव्हता तो हाच.

आता या लेखातील सर्वांत अवघड भागाकडे येतो. पुनरुत्थानाच्या सणानंतर मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो ओट्यावर पाय लांब करून बसला होता. मी क्षमा मागितली. तो संकोचला आणि म्हणाला, "फादर, मी तुम्हाला नीट सांगितलेच नव्हते. तुम्ही थांब म्हणाल अशी भीती वाटत होती." म्हणजे त्याला हवे तेच उत्तर त्याने माझ्याकडून नेले होते, आणि मला द्यायला सोपे तेच उत्तर मी दिले होते. असे सौदे आपल्याकडे पुष्कळ होतात.

त्याच्या आईने चहा आणला. उंबरा ओलांडताना तिने चौकटीला धरलेले मी पाहिले. वाडीतली भाजी आणि केळी टोपलीत भरून ही बाई वर्षानुवर्षे पहाटेच्या गाडीने मुंबईला जाते. मी गुडघ्याविषयी विचारले. ती हसली. म्हणाली, "त्याचा पाय मोडला म्हणून तो बसला तरी, फादर. माझा मोडतही नाही."

एवढा वेळ मी "धावावे की थांबावे" हा प्रश्न विवेकाचा म्हणून मांडीत आलो. या बाईला तो कोणी विचारलाच नव्हता. तिचे दुखणे इतकेही मोठे नव्हते की घर थांबेल, आणि इतकेही लहान नव्हते की तिला विसरता येईल. सुज्ञतेने ती कोणत्या निष्कर्षाला येणार? टोपली खाली ठेवली तर ती उचलणार कोण, याचे उत्तर मिळेपर्यंत तिला सुज्ञ होण्याची सवलतच नाही. आमच्या धर्मग्रामात अशा कितीतरी स्त्रिया आहेत. आम्ही सणाच्या प्रवचनात त्यांच्या कष्टांना क्रूसाची उपमा देतो. त्या मान डोलावतात. सुतक असो वा ताप, दुसऱ्या दिवशी फलाटावर असतात. त्यांचे सोसणे पवित्र आहे यात मला शंका नाही. पण ते सारेच्या सारे देवाने मागितले होते, की त्यातले बरेचसे आपण घरच्यांनी व शेजाऱ्यांनी त्यांच्या डोक्यावर ठेवून दिले, आणि मग त्याला देवाचे नाव दिले? क्रूसाच्या वाटेवर पाचव्या स्थानी प्रभूनेही शिमोनाचा खांदा नाकारला नव्हता. दर शुक्रवारी तेथे आपण गुडघे टेकतो आणि सहाव्या स्थानाकडे निघतो.

मी तेथे बसून प्रवचन केले नाही, एवढे मात्र शिकलो होतो. मुलगा आईकडे पाहत होता. कदाचित प्रथमच. मी चहा संपवला आणि निघालो.

पाऊस सुरू होण्याच्या सुमारास तो हळूहळू चालू लागला. त्या भरतीची यादी लागली होती. त्याचे वय उलटले होते. सध्या तो एका कारखान्यात रखवालदार आहे, रात्रपाळीला. पहाटे सुटला की सायकलने घरी येतो, टोपली कॅरियरला बांधतो आणि स्टेशनपर्यंत पोचवतो. आठवड्यातून दोन दिवस आईला घरी ठेवून स्वतःच मुंबईला जातो. रविवारी सकाळी अजूनही किनाऱ्यावर धावतो, कोणत्याही भरतीसाठी नव्हे. गेल्या महिन्यात मिस्सानंतर भेटला तेव्हा म्हणाला, "आज मध्येच परत फिरलो, फादर. पुन्हा त्याच जागी दुखल्यासारखे वाटले." मी कोठे, कधीपासून, रात्री दुखते का, असे सगळे विचारले. त्याने बोट ठेवून जागा दाखवली. मग आईच्या गुडघ्याचे विचारले. बुधवारी डॉक्टरांनी बोलावले आहे म्हणाला. टोपली त्या दिवशी शेजारची बाई नेणार होती.